मुक्काम वाढला आहे, त्याविषयी

ती. आई व बाबांना साष्टांग नमस्कार.

रुग्णालयाने करार वाढवून देऊ केला आणि मी आणखी दोन वर्षांसाठी सही केली आहे. हे फोनवर सांगितले असते, तर आईने नुसते ‘बरं’ म्हणून फोन बाबांकडे दिला असता, म्हणून लिहिते आहे. दादाच्या वेळी झाले तसे या वेळी होणार नाही. घराचे हप्ते फिटले की मी परत येणार, हे आजही तसेच आहे.

बाबा, भाषा येत नसताना सिंगापूरच्या म्हाताऱ्यांना मी चालवते कशी, असे तुम्ही विचारले होते. आता थोडी येते. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर बहुतेकांना दुसऱ्याच दिवशी उभे करतात, आणि तेव्हा दुखण्यापेक्षा पडण्याची भीती मोठी असते. भीतीने माणूस श्वास रोखतो, पाय ताठ करतो आणि मग खरोखरच तोल जातो. म्हणून ‘पु याव फा’, घाबरू नका, आणि ‘मान मान लाय’, सावकाश होऊ द्या, ही मँडरिन चिनीतली वाक्ये मी आधी पाठ केली. ‘मान’ म्हणताना सूर खाली टाकायचा, ‘लाय’ला वर न्यायचा. सरकार १९७९ पासून मँडरिनचा प्रचार करत असले, तरी ऐंशी ओलांडलेल्या पुष्कळ आज्या कळ आली की होक्कियन ही त्यांची जुनी चिनी बोलीच बोलतात. त्यांना ‘आ-मा’, म्हणजे आजी, अशी हाक मारून त्यांच्या बोलीत ‘बान बान लाय’, सावकाश, म्हटले, की माझ्या मनगटावरची पकड सैल होते. ‘थोंग पु थोंग’, दुखते का, याच्या उत्तरावर मात्र मी विसंबत नाही, कारण तुमच्यासारखेच सगळे ‘नाही’ म्हणतात.

आई, लिटल इंडियात तूरडाळ, पोहे सगळे मिळते. गोडा मसाला तेवढा तुझाच हवा. मध्ये ताप आला तेव्हा तुझ्या पातळाची गोधडी लहानपणीसारखी डोक्यावरून घेऊन झोपले. ताप साधा होता, उतरला.

बाबा, काठी दुखऱ्या गुडघ्याच्या बाजूला नव्हे, दुसऱ्या हातात धरायची. न्हाणीघरातले सरकणारे पायपुसणे आजच काढा आणि भिंतीला धरायला दांडा बसवून घ्या. पैशांचा विचार मी केला आहे. खुर्चीत बसून पाय सरळ ताणून पाच अंक होईपर्यंत धरायचा, सकाळ-संध्याकाळ. टाळाटाळ चालणार नाही. पण जास्त दुखले तर थांबा, आणि आईला खरे सांगा. रविवारी रात्री साडेआठला व्हिडिओवर करून दाखवा. तेव्हा इथे अकरा वाजलेले असतात, मी जागी असते.

दिवाळीची रजा मंजूर झाली आहे.

तुमची,
छकुली