वर्षभराच्या पक्षीनोंदी तपासणाऱ्या परीक्षकांस

स. न. वि. वि.

2025 चा पक्षीनोंदींचा आढावा संपादून झाला. दुर्मीळ नोंदींखाली निरीक्षकांची नावे आहेत, फोटो काढणाऱ्यांची आहेत, तुमचे मात्र कुठेच नाही. म्हणून हे पत्र उघड लिहितो आहोत. आभार मानायचे आहेत ते मुख्यतः तुम्ही अडवून धरलेल्या नोंदींबद्दल.

अशा नोंदी अडवण्याचे मोल काय, हे यंदा सगळ्या जगाने पाहिले. ऑक्टोबरमध्ये आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेने स्लेंडर-बिल्ड कर्ल्यू हा बारीक चोचीचा पाणथळीतला पक्षी नामशेष झाल्याचे जाहीर केले. त्याचे शेवटचे निर्विवाद दर्शन मोरोक्कोतल्या मेर्जा झेर्गा इथले, 25 फेब्रुवारी 1995 चे. त्यानंतरही तो दिसल्याचे दावे होत राहिले, पण छाननीत टिकले नाहीत. त्यातला एखादा ढिसाळ दावा मान्य झाला असता तर शेवटच्या दर्शनाची तारीखच पुढे सरकली असती आणि पक्षी आहे की संपला याचे गणित बिघडले असते. नोंद नाकारणे हेही संशोधनच आहे, आणि त्याला टाळ्या मिळत नाहीत.

‘फोटो आहे, अजून काय हवे?’ ही निरीक्षकांची नेहमीची कुरकुर. तुम्ही दर वेळी न चिडता उत्तर दिलेत. टेमिंकचा टिलवा आणि छोटा टिलवा हे चिखलात चरणारे, एकमेकांसारखे दिसणारे चिमुकले पक्षी. टेमिंकच्या टिलव्याचे पाय पिवळसर-हिरवट, छोट्या टिलव्याचे काळे. पण पाय चिखलाने माखले की एका फोटोवरून दोघांत फरक करणे अवघड जाते. अशा वेळी शेपटीची टोके मिटलेल्या पंखांच्या पुढे जातात का, उडताना शेपटीच्या कडांची पिसे पांढरी दिसली का, हे तुम्ही विचारलेत. कुरवांच्या (सीगलच्या) पाठीची राखाडी छटा तर एक्स्पोजर जरा वाढले की बदलते. त्यामुळे एकाच सुंदर फोटोपेक्षा वेगवेगळ्या कोनांतले पाच साधे फोटो, आणि त्यातल्या एकात शेजारी ओळखीचा कुरव, हा तुमचा आग्रह रास्तच होता. मूळ फाइल मागण्याचे कारणही आता लोकांना पटू लागले आहे: कातरलेल्या, रंग सुधारलेल्या फोटोत पिसांची झीज दिसत नाही, आणि झीज दिसली नाही तर वय ठरत नाही. कॅमेऱ्याचे घड्याळ दुसऱ्या देशाच्या वेळेवर राहिल्याने पहाटेची नोंद आदल्या दिवशी पडते, हेही मूळ फाइल आणि यादी ताडून पाहिल्यावरच सापडते.

आवाजाच्या नोंदींनी यंदाही डोकेदुखी दिली. मर्लिन या पक्ष्यांचे आवाज ओळखणाऱ्या ॲपने पडद्यावर नाव दाखवले की लोक तेच यादीत लिहितात. ॲपने सुचवलेले नाव हा पुरावा नव्हे. पुरावा म्हणजे रेकॉर्डिंग. भृंगराज दुसऱ्या पक्ष्यांची हुबेहूब नक्कल करतो आणि ॲप त्या नकलेलाच मूळ पक्षी समजू शकते. डब्ल्यूएव्ही फाइल (म्हणजे आवाज न दाबता साठवलेली), गोंगाट काढून न टाकलेली, आधीचे-नंतरचे आवाज न छाटलेली, अशी मागणी तुम्ही लावून धरलीत. सलग दोन-तीन मिनिटे ऐकली की पाठोपाठ चार जातींचे आवाज एकाच फांदीवरून येताना कळते आणि नकलाकार सापडतो.

नावांच्या घोळाबद्दल वेगळे आभार. जूनमध्ये एव्हीलिस्ट ही जगातल्या पक्ष्यांची सामाईक यादी आली, 11,131 जातींची. वेगवेगळ्या याद्यांत वेगवेगळे नाव, ही जुनी कटकट त्यामुळे कमी होईल, पण जुन्या नोंदी आपोआप सुधारत नाहीत. गायबगळ्याचेच पाहा. 2024 मध्ये क्लेमेंट्स या जगातल्या पक्ष्यांच्या दुसऱ्या एका यादीत त्याच्या पूर्वेकडचा आणि पश्चिमेकडचा अशा दोन जाती झाल्या. विणीच्या काळात पूर्वेकडच्याचे डोके आणि मान भरून नारिंगी होतात, पश्चिमेकडच्याला माथा, छाती आणि पाठीवर तेवढी नारिंगी छटा येते. विणीचा काळ सोडून दोघेही पांढरे. म्हणजे नेहमीच्या टापूबाहेर दिसलेला पांढरा गायबगळा ‘दोहोंपैकी एक’ असाच नोंदवायला हवा. हे मान्य करायला निरीक्षकाला जड जाते, कारण यादीत एक जात कमी होते!

अभ्यासक एकेक पक्षी ओळखता यावा म्हणून पायात घालतात त्या रंगीत कड्यांबाबत तुमचे एक टिपण आम्ही तसेच्या तसे सूचनापत्रात घेतले आहे: डावा-उजवा पाय पक्ष्याचा, पाहणाऱ्याचा नव्हे, कडी वरून खाली वाचायची, सांध्याच्या वर आहे की खाली ते लिहायचे, रंग विटलेला असेल तर तेही लिहायचे. कारण विटलेले नारिंगी कडे पिवळे वाटते, मंद उजेडात गडद हिरवे आणि निळे एकच दिसतात, आणि कड्यांचा क्रम एका जागेने चुकला की नोंद दुसऱ्याच पक्ष्याच्या नावावर जाते.

पिंजऱ्यातून सुटलेले पक्षी, संकर, 30 ऐवजी 300 असा टंकदोष, हे सगळे तुम्ही निमूटपणे निस्तरलेत. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळाची गाळणी त्या भागाच्या आणि महिन्याच्या मर्यादेपेक्षा मोठा आकडा दिसला की खूण करते. पुढे विचारपूस करावी लागते माणसालाच. नोंद अमान्य झाली तरी निरीक्षकाच्या स्वतःच्या यादीत ती राहते, हे समजावून सांगण्यात तुमचा किती वेळ गेला असेल!

घरट्यांची ठिकाणे आढाव्यात येऊ न देण्याबद्दलही ऋणी आहोत. पुढच्या वर्षीच्या नोंदपत्रकात ‘जवळची कोणती जात वगळली आणि कशावरून’ हा रकाना सक्तीचा केला आहे. त्यामुळे तुमची अर्धी पत्रे लिहिण्याचे कष्ट तरी वाचावेत, एवढीच इच्छा.

कळावे, लोभ असावा.

आपले,
वार्षिक आढाव्याचे संपादक