शनिवारच्या मॅचबद्दल सूचना

मंडळी, शनिवारी आपल्या फुटबॉल टीमची होम मॅच आहे, किकऑफच्या अर्धा तास आधी गोलमागच्या स्टँडमध्ये जमायचंय, ड्रम आणि मोठं बॅनर येतंय. टेबलमध्ये आपण तळाला आहोत हे सगळ्यांना माहितीये, रोज ते स्क्रीनशॉट टाकू नका प्लीज. आणि कीपरला शिव्या घालणं बंद करा, मागच्या वेळी गोल खाल्ल्यावर आपलेच लोक त्याच्या पाठीमागून बोंबलत होते आणि नंतर तो पोरगा आपल्याच खेळाडूने मागे दिलेला साधा बॅकपास घेतानासुद्धा कचरत होता, बघवेना हो. राग काढायचाच तर गोल करणारा स्ट्रायकर विकून त्याच्या जागी दुसरा न आणणाऱ्या क्लबवाल्यांवर काढा!

इंग्लंडचा संडरलंड क्लब बघा, 2017 आणि 2018 असे लागोपाठ दोनदा खालच्या लीगमध्ये घसरले, तरी 26 डिसेंबर 2018 ला तिसऱ्या पायरीवरच्या लीगच्या मॅचला 46 हजारांवर लोक आले होते, आणि 2025 ला सगळ्यात वरच्या प्रीमियर लीगमध्ये परत. आपलं तसं होईलच असं नाही (खरं तर अवघडच दिसतंय) पण म्हणून आता टीम बदलणार का आपण?

सीझन तिकीट असून येणार नसाल तर शुक्रवार रात्रीपर्यंत सांगा, सीट दुसऱ्याला देता येईल. आणि 85व्या मिनिटाला पार्किंगकडे पळायचं नाही, स्कोअर काहीही असो.