टमालेहून आईला

आई,

परवा फोन मध्येच कट झाला ना, इथे लाइट गेली होती, तू उगाच काळजी करत बसली असशील. बरी आहे मी. हरमॅटनचा वारा सुरू झालाय, सहाराकडून नुसती धूळ येते, दोरीवरचे कपडे वाळेपर्यंत परत मळतात.

तू विचारत होतीस नक्की काम काय करतेस. तर इथे घानात गावागावात तुझ्या उपकेंद्रासारखीच आरोग्य केंद्रं आहेत, नाव सीएचपीएस पण सगळे 'चिप्स' म्हणतात, मला आठवडाभर वेफर्सच आठवायचे. १९९४ला नवरोंगोला प्रयोग सुरू झाला, नर्सला गावातच राहायला पाठवायचं, १९९९ला ते देशाचं धोरण झालं. आम्ही काढतो कुठलं केंद्र किती एफिशियंट. एकीकडे लागलेला स्टाफ, खाटा, खर्च, दुसरीकडे झालेलं काम, ओपीडी, बाळंतपणं, लसी. मग कॉम्प्युटर सगळ्या केंद्रांची एकमेकांशी तुलना करतो, बेस्टला १ आणि बाकीचे त्याखाली. पण १ मिळाला म्हणजे केंद्र चांगलंच असं नाही गं, अख्खा वर्ग नापास झाला तरी पहिला नंबर कुणाचातरी येतोच.

एका केंद्राला जेमतेम निम्मा स्कोअर आला म्हणून बघायला गेले तर सिस्टर जागेवरच नाही. दुपारी आली मोटारसायकलवर, खांद्याला लसीचा डबा, भुवया धुळीने पांढऱ्या. एका बाळाचा पेंटा लसीचा तिसरा डोस राहिलेला, आई माहेरी गेलेली, ते माहेर शोधत गेली होती. रजिस्टरात काय लिहिलं? लस, १. पेट्रोल मात्र दिवसभराचं, ते खर्चात.

मला एकदम तू आठवलीस, त्र्यंबककडच्या पाड्यांवरून चिखल तुडवत यायचीस आणि आधी साडीचा काठ बादलीत बुडवायचीस. त्या पायपिटीला रिपोर्टात कॉलमच नव्हता. तरी आपल्याकडे आदिवासी भागात ३,००० लोकांमागे एक उपकेंद्र आणि सपाटीला ५,०००, म्हणजे कागदावर का होईना डोंगराचा हिशोब धरलाय. आम्ही तोही नाही. सरांना म्हटलं अंतर पण घालू या, ते म्हणाले डेटा कुठाय. बरोबरच आहे त्यांचं, पण राग आला.

म्हणून एक काम कर. तुझ्या दौऱ्याच्या डायऱ्या माळ्यावर पत्र्याच्या पेटीत असतील, रद्दीत गेल्या नसतील तर दादाला काढायला सांग, तू स्वतः स्टुलावर चढू नकोस. दोन-तीन पानांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाक. तू जाण्यायेण्याचा वेळ कसा लिहायचीस ते बघायचंय, इथल्या सिस्टरला तसाच कॉलम आखून देते.

तुझी
बेबी