अप्पा, आजीच्या तोंडावरची राख गेली

अप्पा, नमस्कार.

हे पत्र तुमचा मुलगा तुम्हाला मोबाईलवरून वाचून दाखवेल, स्क्रीनवर वाचायला तुम्हाला आवडत नाही हे माहितीये मला. खरं तर चोपड्याला दुकानात येऊन समोर बसून सांगायला हवं होतं, पण समोर आले की तुम्ही विषय बदलता, चहा सांगता, घरच्यांची चौकशी करता आणि आभाराचं बोलणं राहूनच जातं. म्हणून लिहितेय. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण डिजिटल पेंटिंग करणारी कितीतरी पोरं काळ्या-पांढऱ्या चित्राला रंग देताना बरोबर याच ठिकाणी अडकतात आणि प्रत्येकाच्या गावात एक अप्पा असतीलच असं नाही.

तुम्हाला आठवत असेल, मे महिना होता, दुपारी बारानंतर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, आणि मी आजीच्या चित्राची प्रिंट काढायला तुमच्या दुकानात आले होते. आजी केळीच्या बागेत बसलेली, डोक्यावर पदर, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. चेहरा घरातल्या जुन्या ब्लॅक अँड व्हाइट फोटोवरून घेतलेला, मागची बाग माझ्या मनाची. तीन आठवडे मी ते फक्त काळ्या-पांढऱ्यात रंगवलं होतं. सुरकुत्या, पदराच्या चुण्या, डोळ्यातला उजेडाचा ठिपका, सगळं बसलं होतं. आणि मग क्रिटा या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये वर एक नवीन लेयर, म्हणजे पारदर्शक थर, घेऊन त्याचा मोड (तो खालच्या चित्रात कसा मिसळायचा ते) 'कलर' केला आणि त्वचेला त्वचेचा रंग, लुगड्याला निळा, पानांना हिरवा असं भरून टाकलं. ज्या ऑनलाइन कोर्समध्ये मी पैसे भरले होते तिथे एवढंच शिकवलं होतं, ग्रेस्केल, म्हणजे काळं-पांढरं चित्र, पक्कं करा, वरून रंग टाका, झालं. झालं नव्हतं. आजी आजारी दिसत होती. म्हणजे रंग होता पण तो वर तरंगत होता आणि खालून राखाडी डोकावत होतं, आणि मला कळतच नव्हतं की चुकतंय कुठे, रंग वाढवला की चेहरा नारिंगी व्हायचा, कमी केला की पुन्हा मळकट.

प्रिंट मशीनमधून बाहेर आली तेव्हा तुम्ही कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसला होतात. हातात घेतली, दाराशी उजेडात नेली आणि म्हणालात, "तोंडले राख लायेल शे का माय?"

अप्पा, त्या एका वाक्याने मला जे कळलं ते सहा महिने ट्यूटोरियल बघून कळलं नव्हतं. राख. बरोबर तोच शब्द होता.

मग तुम्ही आतून तो पत्र्याचा डबा आणला. मला तोपर्यंत माहितीच नव्हतं की फ्लेक्स आणि झेरॉक्सच्या आधी तुम्ही पंधरा-वीस वर्षं फोटोंना हाताने रंग द्यायचात. डब्यात कापसाचे बोळे, काडीला गुंडाळलेला कापूस, दोन-तीन केसांचे ब्रश, वाळून खडा झालेले रंग, आणि अर्धवट रंगवलेला एका बाईचा फोटो, एक गाल गुलाबी आणि दुसरा तसाच. तो फोटो मी हातात घेऊन बराच वेळ बघत बसले होते. रंग न दिलेला गाल काळा-करडा नव्हताच. तो तपकिरी होता, आपल्या चहाच्या डागासारखा. आणि साध्या फोटोपेक्षा फिका होता.

तेव्हा तुम्ही सांगितलंत की रंगवायचा फोटो वेगळाच छापायचा. नेहमीपेक्षा फिका काढायचा, आणि मग सेपिया करून घ्यायचा, म्हणजे सावल्यांमधला थंड काळा जाऊन तिथे गरम तपकिरी येतो, आणि मगच रंगाला हात लावायचा. थंड काळ्यावर कातडीचा रंग टाकला की तो मेलाच म्हणून समज. आणि भिंतीवर टांगायचा जो ब्लॅक अँड व्हाइट फोटो असतो तो कधी रंगवायला घ्यायचा नाही, कारण तो पूर्ण झालेला असतो. चाळीसगावचे फोटोग्राफर केकी मूस यांचं नाव तुम्ही तेव्हा घेतलंत. टेबलावर चार वस्तू मांडून, उजेड नुसता इकडून तिकडून फिरवून, अख्खा देखावा उभा करणारा माणूस. त्यांच्या त्या फोटोंना रंग लावून बघ म्हणालात, काय भर पडणार आहे? रंग द्यायचा असेल तर काळ्या-पांढऱ्यात आधी रंगाला जागा ठेवावी लागते.

मी तर जागाच ठेवली नव्हती. पदराखाली ठार काळा, नाकाच्या शेंड्यावर शुद्ध पांढरा. घरी येऊन बघितलं तर कॉम्प्युटरचा नियमही तोच निघाला, कलर मोड खालचा उजेड-अंधार जसाच्या तसा ठेवतो आणि वरून फक्त रंगाची जात आणि त्याचा भडकपणा घेतो. म्हणून खाली ठार काळा असेल तर वरून काहीही ओता, काळंच राहणार, आणि शुद्ध पांढरा असेल तर पांढराच. ओव्हरले नावाच्या दुसऱ्या मोडचंही टोकांना तसंच. तुमच्या कागदावर पांढऱ्या भागावर तरी रंग चढतो, माझ्या स्क्रीनवर तोही चढत नाही, म्हणजे मला तुमच्यापेक्षा जास्त जपायला पाहिजे आणि मी त्याच्या उलट करत होते.

त्या रात्री लाइट गेली होती, लॅपटॉपच्या बॅटरीवर मी पहिल्यांदा तुमचा सेपिया करून बघितला. क्रिटात ग्रेडियंट मॅप नावाचा फिल्टर आहे, त्यात काळ्याच्या जागी कोणता रंग, मधल्या राखाडीच्या जागी कोणता, पांढऱ्याच्या जागी कोणता, हे आपण ठरवायचं. काळ्याच्या जागी मी कातासारखा लालसर तपकिरी ठेवला, मध्ये विटेसारखा आणि वर मलईसारखा पिवळट. आजीच्या चेहऱ्याला अजून एकही रंग दिला नव्हता आणि तरी तो गरम झाला. आईला उठवून दाखवला मी. ती काही बोलली नाही, नुसती स्क्रीनजवळ वाकून बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी परत आले तर तुम्ही पहिला प्रश्न विचारला, लुगडं कोणत्या रंगाचं होतं? मी म्हटलं निळं. का? तर फोटोत गडद आहे म्हणून. तुम्ही म्हणालात, घरी विचारलंस का? तुम्ही स्टुडिओत काम करायचात तेव्हा पाकिटावर लिहून घ्यायचात, लुगडं असं, काठ असा, डोळे कसे, पगडीचा रंग कोणता, कारण फोटोत ते कळत नाही. जुन्या काही फिल्मना तर लाल रंग दिसायचाच नाही, ऑर्थोक्रोमॅटिक म्हणायचे त्यांना, बाईच्या कपाळावरचं कुंकू काळा ठिपका होऊन यायचं. मग ब्लेडच्या टोकाने तो ठिपका हलक्या हाताने खरवडायचा आणि त्यावर दाट लाल भरायचा. तो ब्लेड धरायचा हात तुम्ही मला हवेत करून दाखवला होता, मनगट टेबलाला टेकलेलं आणि फक्त दोन बोटं हलतायत.

आईला विचारलं. लुगडं डाळिंबी होतं.

अप्पा, मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट समजलं की राखाडीत रंग लपलेला नसतो. मला वाटायचं ग्रेस्केल म्हणजे चित्राचं ऐंशी टक्के काम, रंग म्हणजे वरचा वर्ख. पण डाळिंबी, गर्द निळा आणि बाटलीचा हिरवा, तिघांचा राखाडी एकच असू शकतो, आणि कोणता ते राखाडीला विचारून कळत नाही. नंतर मी वाचलं की स्क्रीनवर दिसणाऱ्या उजेडात हिरव्याचा वाटा साधारण ७२ टक्के, लालचा २१ आणि निळ्याचा फक्त ७. म्हणून शुद्ध पिवळा, जो लाल अधिक हिरवा असतो, तो जवळजवळ पांढऱ्याइतका उजळ, ९३ टक्के, आणि शुद्ध निळा जवळजवळ काळा. मग कळलं की मधल्या राखाडीवर मी झेंडूच्या माळेला पिवळा टाकला की तो शेवाळी का व्हायचा. त्या अंधारात पिवळा जगूच शकत नाही. झेंडूला राखाडीतच उजळ ठेवायला हवं होतं. म्हणजे राखाडी रंगवतानाच, कोणती वस्तू कोणत्या रंगाची आहे हे डोक्यात पाहिजे.

बागेचं मात्र मी स्वतः शोधलं, आणि तुम्हाला अजून नीट सांगितलेलं नाही म्हणून इथे सांगते. काका सकाळी केळीला पाणी द्यायला गेले तेव्हा मी मागोमाग गेले आणि झाडाखाली बसून वर बघत राहिले. उन्हाच्या बाजूचं पान खालून बघितलं तर पोपटी-पिवळं पेटल्यासारखं दिसतं, कारण ऊन पानातून गाळून येतं. तेच पान वरून, तिरकं बघितलं तर निळसर-करडं, कारण वर आभाळ चमकतंय. मी मोबाईलवर फोटो काढला आणि तिथेच ब्लॅक अँड व्हाइट करून बघितला. दोन्ही जवळपास एकाच राखाडीचे! मी माझ्या चित्रात सगळ्या पानांना एकच हिरवा फासला होता, उजेडात फिका आणि अंधारात गडद, आणि बाग प्लास्टिकची दिसायची. रावेर, यावल, चोपडा, लहानपणापासून डोळ्यांसमोर केळीच केळी, आणि मी ती कधी बघितलीच नव्हती असं वाटलं. बांधावरची काळी माती सुद्धा, ओली असते तेव्हा तिच्यात आभाळाचा निळा उतरतो आणि वाळली की ती तपकिरी होते, आणि आपण म्हणतो काळी.

त्यानंतर चेहरा पुन्हा घेतला. तुम्ही सांगितलेल्या क्रमानेच. आधी सगळ्यावर पातळ, मग गाल, नाक, कान यांना कापसाने लावल्यासारखा लाल, कपाळाला जरा पिवळट. उजेड संपून सावली सुरू होते ना, त्या काठावर मी आधी नुसतं गडद करायचे, तिथे आता रंग जास्त दाट आणि लालसर ठेवते, कारण कातडीच्या आत शिरलेला उजेड तिथे रक्ताचा रंग घेऊन बाहेर येतो. हनुवटीखाली डाळिंबी लुगड्याची झाक. ही तुम्ही त्या अर्धवट फोटोवर बोट ठेवून दाखवली होती, शेजारचा रंग सावलीत उतरतोच म्हणून. आणि शेवटी साधा नॉर्मल लेयर, कुठलाही मोड नाही, आणि त्यावर दाट रंग. कुंकू त्याच लेयरवर भरलं. आधी मला वाटायचं की सगळं मोडनीच व्हायला पाहिजे, वरून दाट रंगवणं म्हणजे लबाडी. तुमच्या त्या ब्लेडमुळे ती भीती गेली. पातळ रंगाने जिथवर जाता येतं तिथवर जायचं, पुढे हात लावायचाच.

मध्येमध्ये सगळ्यात वर काळ्याने भरलेला एक लेयर कलर मोडवर ठेवून चित्र परत राखाडीत बघते, चेहऱ्याचा आकार हरवला नाही ना एवढं तपासायला. बंद केला की आजी परत येते.

अप्पा, तुम्ही कधी कॉम्प्युटरचा माउससुद्धा धरलेला नाही. चार दुपारी तुम्ही तुमची झोप सोडून माझ्याजवळ बसलात, प्रिंटचे पैसे घेतले नाहीत, आणि एकदाही म्हणाला नाहीत की मशीनवरचं चित्र ते काय चित्र. मला तीच भीती होती. उलट तुम्ही विचारलंत की यात कापूस कुठे असतो, आणि मी तुम्हाला मऊ ब्रश दाखवला, तर पेन हातात घेऊन तुम्ही आजीच्या गालावर एक हलका गोल फिरवलात. तो गोल मी पुसलेला नाही. फाइलमध्ये वेगळा लेयर आहे, त्याला नाव दिलंय अप्पा, आणि तो चालू आहे.

चित्र आता घरात लागलंय. आजोबा जेवायला बसतात त्या खोलीत, त्यांच्या बरोबर समोर. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं की हिचं डाळिंबी लुगडं तुला कसं माहिती.

मनापासून आभार अप्पा. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, घरी येतेय, मोठी प्रिंट सोबत आणते. मागून ऊन येतंय त्या डाव्या कानाची पाळी मला अजूनही थोडी राखाडी वाटते, तेवढी दाराशी उजेडात नेऊन बघा आणि सांगा.

तुमची,
केळीच्या बागेतली आजी काढणारी पोरगी