महिन्यापूर्वी काय खाल्लं होतं?

मुंबई

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, "डॉक्टर होऊन घरोघर वही घेऊन काय फिरतेस?" असं तुम्ही विचारलंत. फोनवर नीट सांगता येईना, म्हणून लिहितेय.

सध्या परळकडच्या एका चाळीत काविळीची साथ आहे. लोकांनी गुन्हेगार आधीच ठरवून टाकला होता, कोपऱ्यावरचा पाणीपुरीवाला. बिचाऱ्याची गाडीही हलवायला लावली. पण ही कावीळ, हिपॅटायटिस ए, विषाणू पोटात गेल्यावर साधारण २८ दिवसांनी दिसते. कधी १५, कधी ५०. म्हणजे कालचं खाणं विचारून उपयोग नाही, महिन्यापूर्वीचं विचारायचं. ते कुणाच्या लक्षात असतं? मग आई, तुझ्यासारखं सणावारावरून मोजायचं : आषाढीच्या सुमाराला पाहुणे कोण होते, पोरं बाहेर कुठे जेवली?

हेच प्रश्न धडधाकट घरांनाही. तिथे लोक वैतागतात, "आमच्याकडे कुणी आजारी नाही, पुढे व्हा." पण खरं उत्तर त्यांच्याकडेच निघालं. पाणीपुरी दोन्हीकडच्यांनी सारखीच चापली होती. वेगळी होती ती पाण्याची लाइन. आजारी घरं बहुतेक एकाच पाइपवरची, आणि तो गटारातून गेलेला. पाणी दिवसातून थोडाच वेळ येतं. ते गेलं की पाइप आत ओढतो, आणि सांध्याला फट असली की गटार आत शिरतं. दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या धारेबरोबर ते हंड्यात येतं. त्या पाण्यात क्लोरीन तपासायचे थेंब टाकले, तर पिवळा रंग आलाच नाही, म्हणजे जंतू मारणारं क्लोरीन त्यात उरलंच नव्हतं.

प्रयोगशाळेच्या रिपोर्टची वाट न बघता पाणी उकळून प्यायला सांगितलं. हे काही नवीन नाही. जॉन स्नो या डॉक्टरनं लंडनमध्ये १८५४ साली कॉलऱ्याच्या घरांवरून एका पंपावर बोट ठेवलं आणि त्याचा दांडा काढायला लावला. कॉलऱ्याचा जंतू जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखनं पक्का केला तो पुढे १८८४ मध्ये. आपल्या मांडवीत डॉ. व्हिएगस यांनी १८९६ ला प्लेग ओळखला. तो उंदरांच्या पिसवांमुळे पसरतो हे सिमों या फ्रेंच डॉक्टरनं १८९८ मध्ये कराचीत दाखवलं. पण उंदीर मरून पडले की घर सोडून रानात झोपडी बांधायची, हे आजी सांगायचीच ना? जंतूचं नाव कळायच्या आधी त्याची वाट अडवता येते. माझी वही त्यासाठी. दवाखान्यात बसले असते, तर एकेकाला औषध दिलं असतं आणि पाइप तसाच राहिला असता.

पाइप बदलणारा कंत्राटदार "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणतोय. उद्या त्याच्याशी भांडायचंय. गणपतीला दोन दिवस आधी येते. आईच्या गुडघ्याचा एक्स-रे काढला का, ते कळवा.

तुमची,
मनू