राजावर समन्स बजावायचं कुणी?

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला इंग्लंडच्या राजाच्या सवलतींवरचा लेख वाचला. पासपोर्ट नाही, गाडीचा परवाना नाही, शाही मोटारीला नंबरप्लेट नाही. मजा आली, पण लेख गमतीतच संपला. पासपोर्ट निघतो तोच मुळी राजाच्या नावानं. त्यानं स्वतःलाच काय लिहून द्यायचं?

मी दिवाणी कोर्टात बेलिफ होतो. सावकार, पुढारी, साहेब लोक, सगळ्यांवर समन्स बजावलं. कुणी घेईना तर दाराला चिकटवायचं, पंचांच्या सह्या घ्यायच्या, कोर्टात अहवाल द्यायचा. बकिंगहॅमच्या फाटकावर हा इलाज चालायचा नाही, कारण कोर्टच राजाचं. तिथले फौजदारी खटलेही त्याच्याच नावानं चालतात. आपल्याला हे नवं नाही. मुंबई हायकोर्टात 1897 साली टिळकांविरुद्ध फिर्यादी म्हणून नाव होतं ‘क्वीन-एम्प्रेस’, 1908 साली ‘एम्परर’. बाईसाहेब काही साक्षीला आल्या नव्हत्या!

1947 च्या कायद्यानं तिथल्या सरकारवर सरळ दावा लावता येऊ लागला, पण राजाला व्यक्ती म्हणून त्यातून वगळलं. आपल्या राष्ट्रपतींना आणि राज्यपालांनाही अनुच्छेद 361 चं संरक्षण आहे, पण ते खुर्ची असेपर्यंत. तेव्हाही वैयक्तिक कृत्याबद्दल दोन महिन्यांची लेखी नोटीस देऊन दिवाणी दावा लावता येतो. राजाची खुर्ची मात्र त्यानं आपणहून सोडली नाही तर जन्मभराची.

तरी खटल्यांचं मी समजू शकतो. खटकतं ते पैशाचं. आताच्या राजाची आई, राणी एलिझाबेथ, 1993 पासून आयकर भरू लागली, पण राजीखुशीनं. कायद्याची सक्ती नाही. तिथं सामान्य माणसाच्या मिळकतीवर साधारण 3 लाख 25 हजार पौंडांच्या वर 40 टक्के वारसा कर बसतो. 2022 मध्ये आईकडून मुलाकडे जे गेलं, त्यावर शून्य. वारसाच्या दाखल्यासाठी वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारी माणसं मी पाहिली आहेत, म्हणून हे जास्त लागतं.

आणि लेखात नावालाही नव्हती ती ‘राजाची संमती’. सही करून विधेयकाचा कायदा करतात ती ही नव्हे. राजाच्या अधिकाराला किंवा खासगी मिळकतीला धक्का लावणारं विधेयक असेल, तर संसदेत मंजूर होण्याआधीच राजवाड्याकडे संमती मागावी लागते. मंत्र्यांच्या सल्ल्यानंच ती मिळते, असं सांगतात. पण राणीच्या काळात हजारावर कायद्यांची मसुद्यातच अशी तपासणी झाल्याचं ‘गार्डियन’ या तिथल्या वर्तमानपत्रानं 2021 मध्ये उघड केलं. त्या टेबलावर काय बोलणं झालं, ते कोण विचारणार? आपल्याकडे दहा रुपयांचं तिकीट लावून माहितीचा अर्ज टाकता येतो. तिथंही माहितीचा कायदा आहे, पण राजाशी झालेला पत्रव्यवहार 2010 च्या दुरुस्तीनं त्यातून पूर्णच वगळला आहे. पुढचा लेख यावर यावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त बेलिफ, वाई