‘३९० ड्यूक’चे नवे रूप आणि वाहनप्रेमींची नापसंती

दि. १५ ऑक्टोबर २०२३

मा. संपादक महोदय,
सविनय नमस्कार.

केटीएमच्या ‘३९० ड्यूक’ या मोटारसायकलच्या नव्या आवृत्तीबद्दल वाहनप्रेमींच्या प्रतिक्रियांचे जे संकलन आपल्या वाहनविषयक पुरवणीत गेल्या आठवड्यात प्रसिद्ध झाले, त्यासंबंधी हे पत्र लिहीत आहे. हेडलाइट कीटकाच्या तोंडासारखा दिसतो, टाकीच्या दोन्ही बाजूंचे श्राउड (पंखांसारखी आवरणे) अंगापेक्षा मोठे झाले आहेत, मागचा भाग पुढच्याला शोभत नाही, अशा तक्रारी त्यात एका बाजूला होत्या. आणि जुन्या गाडीला चिकटून बसलेल्यांना नवे काही रुचतच नाही, हे त्यांना मिळालेले उत्तर दुसऱ्या बाजूला होते.

हा वाद दिसण्याचा आहे आणि म्हणून वरवरचा आहे, असा जो सूर आपल्या प्रास्ताविकात लागला आहे, तो मला पटला नाही. फेअरिंगच्या गाडीत प्लॅस्टिकच्या आवरणाआड पुष्कळ काही झाकता येते. ड्यूकसारख्या नेकेड, म्हणजे आवरण नसलेल्या, गाडीत इंजिन, फ्रेम, स्विंगआर्म (मागचे चाक धरणारा दांडा), रेडिएटर सारे उघड्यावर असते. एखादा भाग वीतभर सरकला तरी गाडीची मुद्रा पालटते. म्हणून रूप का बदलले हे विचारायला गेले की यंत्र का बदलले हेच विचारावे लागते. नापसंती दाखवणाऱ्यांनी हा प्रश्न अर्धाच विचारला आणि त्यांची हेटाळणी करणाऱ्यांनी तो पुरता विचारूच दिला नाही, ही माझी तक्रार आहे.

मागचा भाग ‘विचित्र’ वाटतो, हा आक्षेप उदाहरणादाखल घ्या. आधीच्या गाडीत मागचा शॉक अॅब्सॉर्बर मधोमध होता. नव्या गाडीत तो उजवीकडे सरकवला आहे आणि त्याला जागा मिळावी म्हणून स्विंगआर्मला बाक दिला आहे. डोळ्याला सवय होईपर्यंत ते तिरपे बसवलेले स्प्रिंग खटकते, हे खरे. परंतु मधली जागा मोकळी झाल्यामुळे तिथे मोठा एअरबॉक्स (इंजिनाला हवा पुरवणारी पेटी) बसला आणि सीट खाली आणता आली. २०१३ च्या पहिल्या ३९० ची सीट ८०० मिलिमीटरवर होती, २०१७ च्या गाडीत ती ८२० च्या पुढे गेली आणि भारतात विकल्या जाणाऱ्या नव्या गाडीत ती पुन्हा ८०० वर आली आहे. कागदावर हा फरक दोन बोटांचा आहे. माझी उंची पाच फूट चार इंच आहे. माझ्या भावाची २०१७ ची ड्यूक मी चालवते, तेव्हा सिग्नलला थांबताना एक पाय टेकवायचा आणि दुसरा लोंबकळत ठेवायचा, अशीच कसरत करावी लागते. रस्त्याला थोडा उतार असला की पोटात गोळा येतो. गेल्या रविवारी निगडीहून देहूरोडपर्यंत जुन्या महामार्गावर नवी गाडी चालवून पाहिली, तेव्हा दोन्ही पायांचे चवडे जमिनीला लागले. माझ्यासारख्या बुटक्या चालकांसाठी, आणि विशेषतः मुलींसाठी, या गाडीत याहून मोठा बदल झालेला नाही. आपल्या पानभर प्रतिक्रियांमध्ये सीटच्या उंचीचा उल्लेख एकदाही नाही.

दुसरी गोष्ट माझ्या कामाच्या जवळची आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी भोसरी एमआयडीसीत अॅल्युमिनियम डाय-कास्टिंगच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे काम करते. (या गाडीचा कोणताही भाग आमच्याकडे होत नाही.) नव्या ड्यूकची मुख्य फ्रेम पूर्वीसारखीच पोलादी नळ्यांची आहे, परंतु सीटखालची सबफ्रेम, म्हणजे सीट पेलणारा मागचा सांगाडा, आता दाबाखाली ओतलेल्या अॅल्युमिनियमची आहे. वितळलेला धातू मोठ्या दाबाने पोलादी डायमध्ये, म्हणजे साच्यात, शिरतो आणि काही क्षणांत थिजतो. धातू भरताना हवा अडकली तर आत पोकळ्या राहतात आणि भाग वरून धडधाकट दिसूनही आतून कमकुवत निघतो. असा लांब, पातळ, फासळ्याफासळ्यांचा भाग निर्दोष ओतणे अवघड असते. त्यातून तो झाकलेला नाही. डायच्या दोन अर्ध्या भागांच्या सांध्याची रेघ, पृष्ठभागावरचे धातूच्या प्रवाहाचे वळ, कडेची खरखर, सारे गिऱ्हाइकाच्या नजरेसमोर असते. शोरूममध्ये मी त्या सबफ्रेमवरून कितीतरी वेळ बोट फिरवत होते, आणि ज्यांनी ती ओतली आणि घासूनपुसून पुढे दिली त्यांच्याविषयी मला मनापासून आदर वाटला. अनेकांना हा भाग ‘उघडाबोडका’ वाटला. मला तो सगळ्या गाडीत सर्वांत देखणा वाटतो.

मात्र याच सबफ्रेमबाबत एका वाचकाने घेतलेला आक्षेप, जो आपण शेवटी दोन ओळींत छापला आहे, मला सर्वांत मोलाचा वाटतो. गाडी मागच्या बाजूला आपटली तर नळीची सबफ्रेम सरळ करून किंवा वेल्डिंग करून काम भागत असे. ओतीव भागाला तडा गेला तर तो बदलण्यावाचून गत्यंतर नाही, मग खर्चाचे काय, असे त्यांनी विचारले आहे. ओतीव अॅल्युमिनियम वाकत नाही, तुटते, हे मी रोज पाहते. सबफ्रेम मुख्य फ्रेमला बोल्टने जोडलेली असल्यामुळे ती बदलता येईल, पण प्रश्न रास्तच आहे.

‘जुन्याला चिकटून बसलेले’ या शिक्क्याबद्दलही बोलले पाहिजे. २०१७ मध्ये सायलेन्सर पोटाखालून निघून बाजूला आला, तेव्हा पहिल्या पिढीचे चाहते नाराज झाले होते. आता तो पुन्हा पोटाखाली गेला आहे आणि त्याचे स्वागत करणाऱ्यांत हेच लोक पुढे आहेत. इंजिनाचा स्ट्रोक (पिस्टनची धाव) ६० वरून ६४ मिलिमीटर करून क्षमता ३७३ वरून ३९९ सीसीवर नेली, टॉर्क (इंजिनाची ओढ) ३७ वरून ३९ न्यूटन-मीटर झाला, टाकी १५ लिटरची झाली, पुढचे सस्पेन्शन चालकाला जुळवून घेता येऊ लागले. यावर त्यांच्यापैकी कुणी नाक मुरडलेले मी ऐकले नाही. जिथे खटकले तिथे ते बोलले, एवढेच.

शिवाय किमतीकडे पाहावे. जून २०१३ मध्ये पहिली ३९० दिल्लीत एक लाख ८० हजारांना, एक्स-शोरूम, मिळत होती. नवी गाडी गेल्या महिन्यात, सप्टेंबर २०२३ मध्ये, सुमारे तीन लाख ११ हजारांना आली. पहिल्या वर्षांत ही गाडी घेणारे माझ्या ओळखीचे कितीतरी जण पहिल्या नोकरीत होते. आज त्या वयाच्या मुलाला तिच्यासाठी अनेक वर्षांचे हप्ते अंगावर घ्यावे लागतील, आणि जी वस्तू इतकी वर्षे रोज सकाळी दारात दिसणार आहे, तिच्या तोंडावळ्याविषयी त्याने चोखंदळ असू नये, असे आपण त्याला कोणत्या तोंडाने सांगणार?

हेडलाइट मलाही आवडलेला नाही. बुमरँगसारखे, दिवसाही चालू राहणारे दिवे मधल्या दिव्यापासून सुटे पडल्यासारखे वाटतात, आणि श्राउड एवढे रुंद झाल्यावर त्यांच्यापुढे तो चेहरा चिमुकला दिसतो. मागे बसणाऱ्याची सीटही या वर्गातल्या बहुतेक गाड्यांप्रमाणे नावापुरतीच आहे. हे सांगूनही मी ही गाडी घेण्याच्या विचारात आहे, आणि त्यासाठीच आपल्याकडे एक विनंती आहे.

या गाडीचे रेखाटन ऑस्ट्रियात झाले असले तरी ती तयार होते आपल्या चाकणला आणि तिथून परदेशी जाते. बजाजने केटीएममध्ये २००७ साली हिस्सा विकत घेतल्यानंतर या लहान ड्यूक गाड्या चाकणमध्येच घडत आल्या आहेत. पुण्यातल्या वृत्तपत्राच्या प्रतिनिधीला तिथपर्यंत जाऊन विचारणे कठीण नाही. पुढच्या पुरवणीत सबफ्रेमची सुट्या भागाची किंमत, ती बदलायला लागणारा वेळ आणि विमा त्यातला किती भार उचलतो, ही माहिती द्यावी. तसेच गाडीची चाचणी घेताना पावणेसहा फुटी चालकाबरोबर एखादी माझ्या उंचीची चालकही बरोबर न्यावी आणि तिचे म्हणणे तिच्याच शब्दांत छापावे.

आपली नम्र,
एक नियमित वाचक
निगडी, पुणे